गाठोड्याचा इतिहास



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी कामगार चळवळीतला मनुष्य. शाळा माझी दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण माझ्याकडून करणार नाही, अशी आशा आहे. विषय मी साधाच निवडला आहे. घर सोडून परमुलखात जाताना माणसाने घरातले काय बरोबर न्यावे, हा तो विषय.

हा विषय मला सुचला तो कचेरीतच. आखातात कामाला निघालेली पोरे व्हिसाचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. पोरगा पगाराचे विचारतो, ओव्हरटाइमचे विचारतो. पण सोबत आलेली आई दारातच उभी राहते आणि निघताना हळूच विचारते, "दादा, बरोबर काय काय द्यावं ह्येच्या?" पोरगा हसतो. मला मात्र हसू येत नाही. कारण हा प्रश्न आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात निदान पावणेदोनशे वर्षे घरोघर विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर कोणी लिहून ठेवलेले नाही.

इतिहासात सामानाची नोंद होते, पण ती राजांच्या सामानाची. सप्टेंबर १८३९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून काढले आणि काशीला पाठविले. तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. गादी कोणाची, जडजवाहीर कोणाचे, खासगी काय आणि दौलतीचे काय, यावर कागदांचे ढीग झाले. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे झगडले. ते योग्यच झाले. पण त्याच सुमारास याच मुलखातली सामान्य माणसे मुंबई बंदरातून गलबतावर चढत होती. त्यांच्या गाठोड्यात काय होते, याविषयी कोणी वाद घातला नाही; कोणी यादीही केली नाही.

येथे एक खुलासा करतो. पूर्वीचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. १९४९ साली त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून जुन्या दप्तरात 'जिल्हा सातारा' असे लिहिलेला मनुष्य वाळव्याचा, तासगावचा किंवा खानापूरचाही असू शकतो. आज मी दोन्ही जिल्ह्यांविषयी एकत्र बोलणार आहे, ते या कारणाने.

आता गलबताची गोष्ट. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला. मॉरिशस बेटावरच्या उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. गुलाम गेले तेव्हा त्यांनी कराराचे मजूर आणावयास सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढे मुंबई बंदरातूनही माणसे जाऊ लागली. रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांतले लोक त्यांत होते. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, शिवाय शिधा आणि थोडे कपडे.

या करारातच गाठोड्याचा निम्मा निकाल लागत असे. शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ असे ठरलेले. आपला देशावरचा मनुष्य भाकरी खाणारा. पण ज्वारीच मिळणार नाही, तर जाते नेऊन करावयाचे काय? खोली मळेवाल्याची, अवजार मळेवाल्याचे, अन्न मळेवाल्याचे. महिनाभराचा, कधी त्याहून लांबचा समुद्र ओलांडावयाचा आणि जहाजावर माणसालाच जागा अपुरी. म्हणजे गाठोड्यात काय घालावे हे घरातली बाई ठरवीत असेल, पण गाठोडे केवढे असावे हे मालकाने आधीच ठरवून ठेवलेले होते.

मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. मजुराचे नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, तालुका असे सगळे त्यांत लिहिलेले असते. हे सगळे मालकाच्या आणि सरकारच्या उपयोगाचे. पळाला तर ओळखता यावा म्हणून उंची आणि खूण! गाठोड्याचा रकाना त्यात नाही.

मग त्यांनी नेले काय? जे नेल्याचे वजन भरत नाही, तेवढे मात्र निश्चित नेले. तिथल्या मराठी माणसांच्या घरी आज बोलणे बहुधा क्रिओल भाषेत चालते, पण गणपती बसतो. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुटी असते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते. तांब्या-पितळेची भांडी झिजली, फुटली, मोडीत गेली असतील. देव आणि गाणे राहिले.

आणखी एक वस्तू त्या मजुराच्या अंगावर असे. ती त्याने घरून आणलेली नव्हती. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. पोलिसाने विचारला आणि तो सापडला नाही, तर भटका ठरवून तुरुंगात रवानगी होत असे. या जाचाविरुद्ध १८७१ साली आडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्या गृहस्थाच्या मदतीने ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला. त्याचा परिणाम होऊन १८७२ मध्ये राजाज्ञेने चौकशी आयोग नेमला गेला. आमच्या युनियनच्या भाषेत बोलावयाचे तर हे मागणीपत्रकच होते. ज्या कागदाने माणसाला बांधले, त्याला उत्तर देण्यासाठी मजुरांनी दुसरा कागद उभा केला. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता दूरच्या बेटावरून घराजवळ येऊ. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या शंभर वर्षांत सातारकराला मुंबई हा जवळचा परमुलूख झाला. गिरणगावात रत्नागिरीच्या लोकांची संख्या सर्वांत मोठी, पण साताऱ्याचा क्रमही वरचा होता. प्रथम माणसे पायी जात. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून आपल्या घरच्यांबरोबर मुंबईला चालत गेले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. चालत जाणाऱ्याचे सामान त्याच्या डोक्यावर मावेल तेवढेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज आगगाडी सुरू झाली. पण हा रस्ता मीटरमापी आणि पुण्याच्या पुढचा रस्ता रुंद. पुण्याला उतरून, सामान डोक्यावर घेऊन, दुसऱ्या गाडीत जागा धरावी लागे. म्हणून दोन हातांत आणि एका डोक्यावर मावेल तेच सामान, हा नियम आगगाडीच्या काळातही सुटला नाही.

ते सामान म्हणजे एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. वळकटीत घोंगडे किंवा वाकळ. पेटीत धोतरजोडी, सदरा, टोपी, देवाचा अंगारा आणि वाटेत खावयास भाकरी, चटणी, कांदा. मुंबईत गावकीची खोली असे. एकेका खोलीत दहा-पंधरा, कधी वीस जण राहत. पाळीप्रमाणे एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा निजे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. ताट-वाटी तिचीच. म्हणजे मुंबईला जाणाऱ्या माणसाने संसार न्यावयाचाच नव्हता. संसार गावी ठेवला होता. जाते, पाटा-वरवंटा, उखळ, चूल, तुळस, म्हैस आणि या सर्वांचा सांभाळ करणारी बायको, हे सारे गावी.

यावर अर्थशास्त्राची पुस्तके म्हणतात की, गिरणीमालकाला अर्धा मजूर फुकट मिळाला, कारण कुटुंबाचा खर्च शेती सोसत होती. ते खरेच आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने पगार नाही. हजारो कामगार त्या काळात आपापल्या गावी गेले. ते कशाच्या जोरावर टिकले? युनियनच्या फंडावर एवढी माणसे जगत नसतात. ते गावी ठेवलेल्या जात्यावर टिकले. जे सामान बरोबर नेले नाही, त्यानेच संप लढविला. म्हणून मी कार्यकर्त्यांना सांगतो की, संपाचा इतिहास लिहाल तेव्हा परळ आणि लालबागबरोबर पाटण, शिराळा, खटाव, आटपाडी यांचाही एक परिच्छेद लिहा आणि त्यात बायकांची नावे घाला.

परंतु मागे ठेवलेल्या घराचा हा आधार सर्वांनाच राहिला नाही. कोयनेच्या खोऱ्यातली माणसे निघाली तेव्हा घरच पाण्याखाली जाणार होते. १९५४ साली कोयना धरणाचे काम सुरू झाले आणि दशकभरात पाटण-जावळीच्या खोऱ्यातली गावे उठली. पुढे वारणेवर चांदोलीला धरण झाले, तेव्हा शिराळ्याकडची माणसे उठली. कोणी ठाण्याकडे, कोणी रायगडाकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. देश तोच होता, पण डोंगरातल्या माणसाला सपाटीचा मुलूख परदेशासारखाच.

त्या पिढीतली म्हातारी माणसे मला भेटली आहेत. ती सांगतात, आम्ही दारे काढली, चौकटी काढल्या, तुळया आणि वासे काढले, कौले उतरवली आणि मालमोटारीत घातली. मॉरिशसच्या मजुराने आणि गिरणीच्या कामगाराने घर सोडून सामान नेले; यांना घरच मोडून सामान म्हणून न्यावे लागले. ग्रामदेवता उचलून नेताना माणसे लहान मुलांसारखी रडली, असेही सांगतात. एक म्हातारा मला म्हणाला, "जात्याची तळी नेली, पर नदी कुठं मोटारीत घालता येती?" यावर मी काय बोलणार?

पण त्याच म्हाताऱ्याने पुढे जे सांगितले, ते अधिक महत्त्वाचे आहे. तो म्हणाला की, मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. माझे नाव भावाच्या नावाखाली दबलेले होते. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला तो १९७६ साली. कोयनेची माणसे तर त्याच्या आधीच उठलेली. ज्यांच्याकडे कागद, ती विस्थापित ठरली. बाकीची नुसती निघून गेली असे झाले. धरण होऊन अर्धशतक लोटल्यावरही ती माणसे, त्यांची मुले आणि नातवंडे कोयनानगरला ठिय्या देऊन बसली. आम्ही इथले होतो, एवढेच सिद्ध करण्यात त्यांची दोन पिढ्यांची शक्ती गेली. तुळया आणि कौले वाहून नेणाऱ्या माणसांना एक कागद वाहून नेणे जड नव्हते. परंतु कागद हे घरातले सामान आहे, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आता मी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यात भूषण नाही. परंतु दुसऱ्यांना शहाणपण सांगावयाचे तर आपली चूक आधी सांगावी.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, मुंबईच्या एका गिरणीत साचे चालवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. या वेळीही माणसे गावी आली. पण १९२८ ची शेती आता राहिली नव्हती. तिचे तुकडे झाले होते आणि घरोघर खाणारी तोंडे वाढली होती. संप मिटला असे कोणी जाहीर केले नाही. तो विरून गेला. दादा परतले ते कायमचेच. मी तेव्हा शाळेत होतो. एस.टी.तून ते उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ तीच पत्र्याची पेटी आणि तीच वळकटी होती. वीस-बावीस वर्षांत मुंबईतून त्यांनी आणलेले सामान तेवढेच. पेटीत दोन कपडे, एक घड्याळ आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा होता. पगाराच्या पावत्या, हजेरीचा पास, फंडाची चिठ्ठी, विमा दवाखान्याचे कार्ड.

पुढे मी कामाला म्हणून सांगलीला निघालो. मला पेटी हवी होती. आईने भांडी दिली, स्टोव्ह दिला, गोधडी दिली. दादांनी पेटी रिकामी करून पुढ्यात ठेवली आणि एवढेच म्हणाले, "पेटी ने. पर माझी कागदं नीट ठेव कुठंतरी." मी तो गठ्ठा खताच्या रिकाम्या पोत्यात घातला आणि माळ्यावर टाकला. बंद पडल्यासारख्या गिरणीचे जुने कागद कशाला लागणार आहेत, असा मी विचार केला. वाचता येणाऱ्या माणसाचा तो विचार होता.

पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, त्यांवर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आणि कामगारांच्या संघटनांनी बराच काळ झगडून त्या जमिनीतला घरांचा वाटा मिळविला. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीत कामावर होता, त्याला किंवा त्याच्या वारसाला अर्ज करता येईल असे ठरले. २०१२ साली म्हाडाने त्या घरांची पहिली सोडत काढली. कामावर असल्याचा पुरावा कोणता? हजेरीचा पास, फंडाचा क्रमांक, विमा कार्ड, पगाराची पावती. मी तेव्हा युनियनच्या वतीने गावोगाव फिरून म्हाताऱ्या कामगारांचे अर्ज भरून घेत होतो. आमच्या घरचा अर्ज भरावा म्हणून माळ्यावर चढलो. पोते तिथेच होते. आत वाळवीने केलेली माती होती.

दादा त्याआधीच वारले होते. त्यांनी मला काही म्हटले असते असे नाही. पण मला विचारावयास ते उरले नव्हते.

त्याच आठवड्यात आमच्या आळीतली एक चुलती माझ्याकडे आली. नवरा गिरणीतच खपला होता. तिने जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले बोचके माझ्यासमोर सोडले. त्यात पहिल्या पगारापासूनच्या पावत्या होत्या. औषधाची चिठ्ठी, मनीऑर्डरीच्या पावत्या, एक सिनेमाचे तिकीटसुद्धा होते. मी थक्क झालो. "काकी, एवढे सगळे कशाला ठेवलेस?" असे विचारले. ती म्हणाली, "लेकरा, मला वाचता येत न्हाई. कुठलं ठेवायचं न् कुठलं टाकायचं हे मी कसं ठरवू? म्हणून समदं ठेवलं." तिच्या मुलाचा अर्ज पात्र ठरला. अर्ज पात्र ठरूनही घरासाठी थांबावे लागलेले कामगार पुष्कळ होते, हेही सांगितले पाहिजे. परंतु तिच्या नवऱ्याने गिरणीत घाम गाळला, ही गोष्ट निदान सरकारदरबारी खरी ठरली. माझ्या बापाची ठरली नाही.

या सगळ्याचा अर्थ मला असा दिसतो. घर सोडताना माणूस पुढच्या गरजेचा विचार करतो. तिकडे काय लागेल, थंडी आहे की नाही, खावयास काय मिळेल, हे पाहून तो गाठोडे बांधतो. ते स्वाभाविक आहे. पण 'मी इथला होतो' आणि 'मी तिथे काम केले' या दोन गोष्टी पुढेमागे सिद्ध कराव्या लागतील, याचा विचार तो करीत नाही. मालक मात्र पहिल्या दिवसापासून तो करतो. मॉरिशसची नोंदवही मालकाच्या आणि सरकारच्या बाजूने लिहिली गेली आणि दीडशे वर्षे टिकली. त्याच वहीतून आज तिथली मराठी पोरे आपल्या पणजोबाचे गाव शोधून काढतात. गाठोडी गेली, वही राहिली. आपण आपली वही का ठेवू नये?

आता आखाताला निघालेल्या पोराच्या आईकडे वळतो. विमानाला सामानाची मर्यादा असते. कुठे वीस किलो, कुठे तीस. पुन्हा तेच, गाठोडे केवढे असावे हे दुसरा ठरवतो. तर माझे उत्तर असे. चटणी द्या, लोणचे द्या, लाडू द्या. पातळ पांघरूण द्या. देवाचा फोटो हवा असेल तर तोही द्या. मी अडवणार नाही, कारण दीडशे वर्षांनंतर बहुधा तोच टिकतो. पण पेटी भरण्याआधी कागद भरा. नोकरीच्या कराराची प्रत, व्हिसाची प्रत, पासपोर्टाच्या पानांच्या दोन प्रती. एक प्रत मुलाजवळ आणि एक घरी, आईच्या पेटीत. दहावी न झालेल्या मुलाला आखातात नोकरीला जाण्यासाठी सरकारची परवानगी लागते. १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेल्या दलालामार्फतच ती घ्यावी. तिकडे मालकाने पासपोर्ट काढून घेतला तर ते तिथल्या बहुतेक देशांच्या कायद्यालाही धरून नसते. पासपोर्ट मालकाचा नव्हे आणि खरे पाहता मुलाचाही नव्हे. आपल्या कायद्याप्रमाणे तो भारत सरकारचा आहे. पगार मिळेल तेव्हा त्याची पावती मागावी आणि तिचा फोटो घरी पाठवावा. आईला वाचता येत नसेल तर फारच उत्तम! ती काही टाकणार नाही.

शेवटी या नगरातल्या सुशिक्षित मंडळींना एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यांतून मुंबईला, मॉरिशसला, लष्करात आणि आखातात गेलेल्या माणसांच्या पेट्या अजून पुष्कळ घरांच्या माळ्यांवर आहेत. एखादे वाचनालय किंवा एखादे महाविद्यालय पुढे येईल आणि त्या उघडून त्यांतले कागद नीट लावून ठेवील, तर फार मोठे काम होईल. त्याला मोठा पैसा लागत नाही. वाळवीच्या आधी पोहोचावे लागते, इतकेच.

ती पेटी माझ्याकडे अजून आहे. युनियनच्या कचेरीत टेबलाखाली असते. कामगार आपले कागद माझ्याकडे ठेवावयास देतात, ते मी तिच्यात ठेवतो आणि पावसाळ्याआधी एकदा सगळे उन्हाला घालतो.